हरण्यासाठी लिहिलेली चिठ्ठी

आमच्या दवाखान्यात आम्ही चौघं क्रिकेट खेळायचो आणि चौघांपैकी एकानंही नोकरीला लागल्यापासून बॅट हातात धरलेली नव्हती. कंपाउंडर, गाडीचा ड्रायव्हर, सिस्टर आणि मी. डॉक्टरांची जागा रिकामीच असायची. कुणी आलंच तर सामान सोडायच्या आत बदलीच्या मागे लागायचं, म्हणून डॉक्टरला आम्ही खेळात धरतच नव्हतो.

गोष्ट नव्वदीच्या शेवटची. गडचिरोलीपासून आत, जंगलाच्या तोंडाशी असलेलं प्राथमिक आरोग्य केंद्र. मी तिथं प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतो. हुद्दा ऐकायला मोठा, काम एवढंच की गावोगावहून आलेल्या हिवतापाच्या काचपट्ट्या रंगवायच्या, मायक्रोस्कोपखाली धरायच्या आणि जंतू दिसतो का ते पाहायचं. पावसाळ्यात दिवसाला साठ-सत्तर पट्ट्या. संध्याकाळी डोळे मिटले तरी जांभळे ठिपके दिसायचे. त्या वर्षांत मी सतत थकलेला असायचो. आजारी नव्हतो, दुःखी म्हणावं तर तसंही काही नव्हतं, पण सकाळी उठल्यावर आंघोळीचं पाणी काढायचासुद्धा कंटाळा यायचा. त्यात हा खेळ तेवढा जिवाला बरं वाटणारा होता.

खेळ असा. भारताच्या संघात त्या सुमाराला खेळणारे वीस जण आम्ही चौघांत वाटून घ्यायचो, प्रत्येकी पाच. एकानं उचललेला दुसऱ्याला नाही. प्रत्येक मॅचला आमच्यातली एक जोडी लढायची. मॅच सुरू व्हायच्या आधी दोघांनी आपापल्या पाचांतल्या तिघांची नावं चिठ्ठीवर लिहून गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. डबा सिस्टरच्या ताब्यात, लसीच्या खोलीत, कुलपाच्या आत. त्या तिघांच्या धावा मोजायच्या, विकेट घेतली तर एकीला वीस धावा. जास्त ज्याचे तो जिंकला, त्याला दोन गुण. पाऊस आला तर एकेक. दिवाळीपासून मार्चपर्यंत प्रत्येकाची प्रत्येकाशी दोनदा गाठ पडायची.

रेडिओवर ऐकलेला स्कोअर आम्ही धरत नव्हतो, पेपरात छापून आलेलाच खरा. पेपर नागपूरचा, तोही अकराच्या बसनं येणारा, आणि आमच्याकडं यायची ती डाक आवृत्ती. उशिरा संपलेल्या मॅचचा स्कोअर तिच्यात अर्धाच असायचा. म्हणजे जगानं मॅच पाहून विसरून गेल्यावर तिसऱ्या दिवशी आमचा निकाल लागायचा. एकदा पेपरात चुकून सोळाचे एकसष्ट छापले गेले तर ड्रायव्हर त्या एकसष्टांवर जिंकला. कंपाउंडर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, पण निकाल बदलला नाही.

कंपाउंडर आमच्यात सगळ्यांत वडील. नियम सगळे त्यांचे. त्यातला एक असा की या साली जो शेवटी राहील त्यानं पुढच्या साली पहिला खेळाडू उचलायचा. त्यांच्या गावी तलावाचं पाणी वाटायची तीच रीत होती. ज्याच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, यंदा पाणी शेवटी मिळालं, त्याची पाळी पुढच्या साली पहिली. "हारणाऱ्याच्या पोटालेबी काही लागते का नाई?" असं ते म्हणाले आणि आम्ही माना डोलावल्या. नियम चांगलाच होता. आजही मला त्यात खोट दिसत नाही.

जिंकणाऱ्याला बक्षीस होतं दोन दिवसांची सुटी. कागदावरची नव्हे. आम्हाला मुख्यालय सोडायची परवानगी नसायची, रजेचा अर्ज टाकला तर तो कुठल्या टेबलावर झोपायचा देव जाणे. म्हणून आमचं आपसात ठरलेलं, की जिंकेल त्यानं वर्षातले कुठलेही दोन दिवस निवडावेत, बाकी तिघं त्याचं काम ओढतील आणि तोंड बंद ठेवतील. सिस्टर जिंकल्याच तर त्या दोन दिवसांत बाळंतपणाची केस आली की ड्रायव्हरनं ती थेट तालुक्याला न्यायची, हेही ठरलं होतं. ठरवताना सगळे हसले होते, कारण सिस्टर जिंकतील असं कुणालाच वाटत नव्हतं.

सिस्टर सावली तालुक्यातल्या. वडिलांची दोन बांध्यांची धानशेती, बौद्ध घर, चार बहिणींतली ही एकटी शिकून नोकरीला लागलेली. पहिल्या साली ड्रायव्हर त्यांना म्हणाला होता, "बाई, तुमाले काय समजते क्रिकेटातलं?" त्यांनी एक जुनी वही घेतली आणि पेपरातला प्रत्येक स्कोअर तिच्यात उतरवायला सुरुवात केली. कोण कुठल्या मैदानावर किती करतो, कोण उन्हात ढेपाळतो, सगळं. लसीकरणाचं रजिस्टर ज्या अक्षरात, त्याच अक्षरात. तिसऱ्या साली त्या नऊ गुणांवर होत्या आणि त्यांच्या सहाही मॅच झालेल्या होत्या. कंपाउंडर आठवर. ड्रायव्हरचे तीन, माझे दोन. राहिली होती एकच मॅच, रविवारची, माझी आणि कंपाउंडरची.

हिशेब सोपा होता. मी जिंकलो तर सिस्टर पहिल्या, आणि मी चार गुणांवर जाऊन ड्रायव्हरच्या वर सरकणार, शेवटचा तो. मी हरलो तर कंपाउंडर दहा गुणांवर पहिले, आणि शेवटचा मी. शेवटचा म्हणजे पुढच्या साली पहिली उचल माझी.

पहिली उचल म्हणजे कोण, हे सांगायची गरज नाही. ज्याच्यासाठी चहाच्या टपरीवर माणसं काम टाकून उभी राहायची, तो. तीन वर्षांत तो एकदा ड्रायव्हरकडं गेला, दोनदा कंपाउंडरकडं. माझ्या वाट्याला यायचे ते संघात आत-बाहेर करणारे, उरलेसुरले. मला तो हवा होता. का हवा होता ते आज नीट सांगता येत नाही. इतक्या पट्ट्या पाहून झाल्यावर संध्याकाळी रेडिओ लावावा आणि जो खेळतोय तो आपला आहे असं एकदा तरी वाटावं, एवढंच असेल. माणूस थकला की फार लहान गोष्टींसाठी हपापतो.

शुक्रवारी दुपारी सिस्टर पट्ट्यांचा खोका घेऊन प्रयोगशाळेत आल्या. खोका ठेवला, पण गेल्या नाहीत.

"भाऊ, रविवारी तुमची हाये नं?"

"हो."

"चौदा एप्रिलले मले घरी जायचं हाये. गावात विहार बांधला. बाबानं सोता विटा वायल्या. झेंडा बाबाच्याच हातानं चढवून राह्यले पहिल्यांदा. नोकरी लागल्यापासून एकबी जयंती मी गावात नाई पाह्यली." मग म्हणाल्या, "मले जितवून द्या म्हणून नाई राह्यली मी. फक्त खेळजा."

मी म्हणालो, "खेळतोच नं बाई."

ते म्हणताना मी ठरवलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण ठरवलेलं नव्हतं म्हणजे मन स्वच्छ होतं असं नाही. शनिवारचा पेपर आला. त्यात होतं की माझ्या पाचांतला मध्यमगती गोलंदाज खांदा धरून बसलाय आणि रविवारी खेळणार नाही. एक फलंदाज तापानं हॉटेलात पडून, तोही नाही. उरले तीन. त्यातला एक डावखुरा, गेल्या तीन मॅचमध्ये दोन अर्धशतकं केलेला. दुसरा बऱ्यापैकी फिरकीवाला. तिसरा यष्टिरक्षक, जो आठव्या नंबरावर यायचा आणि बहुतेक वेळा नुसता उभा राहून परत जायचा. म्हणजे विचार करायलाही जागा नव्हती. जे तिघं धड होते तेच लिहायचे होते.

मी खांदेवाला लिहिला, तापवाला लिहिला आणि यष्टिरक्षक लिहिला. चिठ्ठीची घडी घालताना स्वतःला बरंच काही समजावलं. संघ माझा, मी कुणालाही लिहीन. नियमात कुठं लिहिलंय की चांगलाच संघ द्यायचा? हरायचा हक्क माझा आहे, मी कुणाचं काही चोरत नाही. आणि कंपाउंडरांचं वयही झालंय, दोन दिवस आराम त्यांनाही मिळेल. शेवटचं कारण सुचलं तेव्हा मलाच माझी लाज वाटली, पण चिठ्ठी डब्यात टाकलीच.

रविवारी क्वार्टरच्या ओट्यावर रेडिओ लावून बसलो. आमचे सहा गडी लवकर गेले आणि तो यष्टिरक्षक खेळायला आला. त्या दिवशी त्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. एक चौकार. दोन चौकार. मग एक उंच मारलेला, जो झेलणाऱ्याच्या हातातून सुटला. मी उठून उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदा मी आपल्याच माणसानं बाद व्हावं म्हणून मनातल्या मनात देवाला हात जोडत होतो, आणि शेजारच्या ओट्यावर ड्रायव्हर टाळ्या वाजवत मला ओरडून सांगत होता, "तुमचा माणूस मारून राह्यला नं भाऊ!" मी हसलो. ते हसू आठवलं की अजून तोंड कडू होतं. एकतीसवर तो गेला तेव्हा मी खाली बसलो.

मंगळवारी पेपरात पूर्ण स्कोअर आला. सिस्टरनी डबा प्रयोगशाळेत आणला. कंपाउंडरांची चिठ्ठी वाचली, तिघांचे मिळून चौऱ्याहत्तर. मग माझी उघडली. पहिलं नाव वाचलं, दुसरं वाचलं आणि थांबल्या. तिसरं हळू आवाजात वाचलं. माझा डावखुरा त्या दिवशी एकट्यानं ब्याऐंशी करून गेला होता. तो पेपरात ठळक अक्षरात होता आणि चिठ्ठीत नव्हता.

"खांदा दुखते त्याचा," सिस्टर म्हणाल्या. "शनिवारच्या पेपरात होतं."

"मी नाई पाह्यला शनिवारचा."

शनिवारचा पेपर माझ्याच टेबलावर होता, पट्ट्या वाळवायच्या ट्रेखाली अंथरलेला. खेळाचं पान वर. त्यांनी ते पाहिलं आणि मी त्यांना पाहताना पाहिलं.

ड्रायव्हरला मात्र राहवलं नाही. "अरे वा, भाऊनं तं हारूनच डाव मारला! पुढच्या साली मोठा मासा यायच्याच जाळ्यात." कंपाउंडरांचा चेहरा पडला. त्यांना जिंकल्याचा आनंद घ्यायचा होता आणि तो घेता येईना. "नियमात बसते," ते म्हणाले, पण माझ्याकडं न बघता. "नियमात बसते म्हनल्यावर काय?"

सिस्टर डब्याचं झाकण लावत होत्या. त्या म्हणाल्या, "पाण्याची पाळी पहिली यावी म्हणून कोणी आपली बांधी सोता वाळवत नाई, भाऊ."

बस, एवढंच. आवाज चढवला नाही की रडल्या नाहीत. मला वाटतं त्या ओरडल्या असत्या तर मी त्यांच्याशी भांडलो असतो. माझ्याकडं चार मुद्दे तयारच होते. हरणं ज्याचं त्याचं असतं, हा त्यातला पहिला. पण ते खोटं होतं आणि तोपर्यंत मलाही ते कळलं होतं. चौघांच्या खेळात एकट्याचं हरणं असं काही नसतं. मी हरलो म्हणजे कंपाउंडरांना न कमावलेलं मिळालं आणि सिस्टरचं कमावलेलं गेलं. मला मिळणार होतं ते पुढच्या साली, त्याची किंमत ते दोघं भरत होते याच साली.

एप्रिल लागला तसा मी सिस्टरना म्हणालो, "जाजा बाई तेराले. आमी पाहून घेऊ इथी." कंपाउंडरही म्हणाले, माझे दोन दिवस तुम्ही घ्या. त्यांनी दोघांनाही एकच उत्तर दिलं, "मागून नाई पायजे." चौदा तारखेला सकाळी त्यांनी पांढरी साडी नेसून क्वार्टरमध्ये वंदना म्हटली. दुपारी बैलबंडीतून एक अडलेली बाई आली. सिस्टरनी संध्याकाळपर्यंत खपून तिला मोकळं केलं. मुलगी झाली. आठवड्यानं त्यांच्या गावचा, इकडं पाहुणा आलेला एक जण औषधाला आला, तो ओसरीवर सांगत होता की झेंड्याच्या वेळेस म्हाताऱ्यानं दोनदा रस्त्याकडं वळून पाहिलं. मी आत पट्टी रंगवत होतो. ती पट्टी मी खराब केली, पुन्हा रंगवावी लागली.

कंपाउंडरांनी आपले दोन दिवस चंद्रपूरला दात बसवण्यात घालवले. दात नीट बसले नाहीत.

दिवाळीनंतर खेळाडू उचलायला बसलो तेव्हा सिस्टर आल्या नाहीत. वही कंपाउंडरांच्या टेबलावर आणून ठेवली आणि म्हणाल्या, मले आता नाई खेळाचं. "काऊन?" ड्रायव्हरनं विचारलं. "येळ नाई भेटत," त्या म्हणाल्या. तिघांत खेळ रंगेना. मी पहिली उचल केली, तोच उचलला, आणि तो पाठ दुखते म्हणून पहिल्या मालिकेत घरीच बसला. ड्रायव्हर पोट धरून हसला. मीही हसायचा प्रयत्न केला. संक्रांतीच्या आसपास चिठ्ठ्या टाकायचं आपोआप थांबलं, बंद करू असं कुणी म्हणालंसुद्धा नाही.

मी समजत होतो की विषय संपला. सिस्टर माझ्याशी बोलायच्या, पट्ट्या आणून द्यायच्या, घरी केलेलं वड्याचं ताट इतरांना पाठवायच्या तसं मलाही पाठवायच्या. रागाची कुठं खूण नव्हती. वर्षात एवढं तर माणूस विसरतोच, असं मी धरून चाललो.

पुढच्या पावसाळ्यात, श्रावण असेल, त्यांना ताप आला. हुडहुडी भरून तीन दिवस. तरी कामावर येतच होत्या. मी त्यांच्या बोटाला टोचून रक्त घेतलं, पट्टी रंगवली आणि पाहिली. त्या दिवशी माझ्यापुढं साठ पट्ट्यांचा ढीग होता, तरी त्यांची मी आधी घेतली. सावकाश पाहिली, एकेक जागा सरकवत. जंतू नव्हता. मी निगेटिव्ह लिहून चिठोरी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चिठोरी वाचली. मग माझ्याकडं पाहिलं. शालीत गुंडाळलेल्या, डोळे तापानं लाल.

"पाह्यली नं भाऊ?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी झेलला असता. त्या खरंच विचारत होत्या.

"पाह्यली बाई. पूर्ण पाह्यली."

"बरं," असं म्हणून त्या गेल्या.

आठवड्याभरानं ड्रायव्हर तालुक्याहून आला, तेव्हा औषधांच्या खोक्यांबरोबर एक लहान लिफाफा त्यानं माझ्या टेबलावर टाकला आणि म्हणाला, "हा सिस्टरचा हाये, देजा त्यायले." पाकीट चिकटवलेलं नव्हतं. आत तिथल्या प्रयोगशाळेची चिठोरी, तिच्यावर सिस्टरचं नाव आणि पट्टी घेतल्याची तारीख. ज्या दिवशी मी त्यांची पट्टी पाहिली त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःचं बोट पुन्हा टोचून दुसरी पट्टी केली होती आणि ड्रायव्हरच्या हाती तालुक्याला पाठवली होती. कुणाला काही न बोलता.

तिथलाही निकाल निगेटिव्हच होता. मी खोटा पडलो नव्हतो, आणि मला त्याचं काहीच बरं वाटलं नाही. मी नोकरीत एकही पट्टी न पाहता लिहिली नाही. पण हे आता कुणाला सांगायचं, आणि ऐकणाऱ्यानं ते कशाच्या भरवशावर धरायचं? लिफाफा मी स्वतः नेऊन त्यांना दिला. त्यांनी तो घेतला, मी तो वाचलाय हे ओळखलं आणि मला बसायला खुर्ची दिली. आम्ही पावसाबद्दल बोललो.

त्यानंतर बदली होईपर्यंत त्यांच्या हातून आलेली प्रत्येक पट्टी मी दोनदा पाहत होतो. त्यांना ते कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तेही विचारलंच असतं, दोनदा पाह्यली नं भाऊ?